दोन लिप्या आणि एकच कॉम्प्युटर

गेल्या महिन्यात भाचीचा रुक्का छापायचा होता. रुक्का म्हणजे लग्नपत्रिका. आमच्या नांदेडकडे हैदराबादच्या वळणाने अजून हाच शब्द चालतो. भाचीने तो छापखान्यात जायच्या आधीच मोबाइलवर स्वतः तयार केला. वर उर्दू, खाली मराठी. मग शादीखान्याची वेळ बदलली, तर तिने दोन्हीकडची वेळ एकाच पडद्यावर, माझ्यासमोर, दुरुस्त केली. चहा निवायच्या आत काम झाले. मी नुसता बघत बसलो होतो. ती म्हणाली, "ऐसा क्या देखरे मामू?"

तिला काय सांगणार? पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी हेच काम करताना माझ्या हातून एक चूक झाली होती. त्या चुकीमुळे एका भल्या माणसाच्या दारात वलीम्याचे पाहुणे दोन वेगवेगळ्या दिवशी जेवायला आले. दोष माझाच होता. पण त्या दोषाला एक इतिहासही आहे. तो असा की, तेव्हाच्या कॉम्प्युटरवर दोन प्रोग्राम एका वेळी धड चालत नसत, आणि आमचे काम मात्र दोन लिप्यांचे होते.

आधी दोन लिप्यांचे सांगतो. निजामाच्या राज्यात सरकारी कारभार उर्दूत चालायचा आणि गावातली माणसे मराठी बोलायची. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघाले, ते उर्दू माध्यमाचे. १९४८ च्या सप्टेंबरात निजामाचे राज्य संपले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. आज ज्याच्या घरी आजोबांच्या वेळचे जमिनीचे कागद आहेत, त्याला ते उर्दूत सापडतात, मग तो मुसलमान असो, मराठा असो की लिंगायत. नातवाचा सातबारा मराठीत असतो. नांदेडला तर गुरुद्वाऱ्यामुळे गुरुमुखी आहे आणि देगलूर, धर्माबादच्या बाजूने तेलुगू येते. लातूरच्या उदगीर, निलंग्याकडे कन्नड कानावर पडते. तेव्हा एका कागदावर दोन लिप्या लागणे ही आमच्याकडे हौस नव्हती, ती गरज होती.

कॉम्प्युटर येण्याआधी छापखान्यात ही गरज सरळ भागायची. उर्दू मजकूर कातिब बोरूने लिहायचा. मराठी मजकूर कंपोझिटर खिळ्यांनी जुळवायचा. कातिब एका कोपऱ्यात, कंपोझिटर दुसऱ्या कोपऱ्यात, दोघांचे काम एकाच वेळी चालू. तारीख बदलली की मालक एकदाच ओरडायचा आणि दोघेही ऐकायचे. नंतर या दोघांची जागा एका यंत्राने घेतली, आणि त्या यंत्राला एका वेळी एकच काम जमत होते.

कॉम्प्युटर मी पहिल्यांदा पाहिला लातूरला, १९९१ साली. गंजगोलाईपासून चालत जाण्याच्या अंतरावर एक क्लास होता. चपला बाहेर काढायच्या, आत एसी, आणि एका यंत्रापुढे दोन-दोन पोरे. शिकवायचे ते डॉस, वर्डस्टार, लोटस आणि डीबेस. वर्डस्टारमध्ये पत्र लिहिता लिहिता डीबेसमधला एखादा पत्ता बघायचा असला तर पत्र सेव्ह करायचे, वर्डस्टार बंद करायचे, काळ्या पडद्यावर परत यायचे, डीबेस सुरू करायचे, पत्ता वहीत उतरवून घ्यायचा आणि सगळे उलट्या क्रमाने पुन्हा करायचे. वही-पेन हाच आमचा दुसरा प्रोग्राम.

असे का होते, हे मला फार नंतर कळले. आयबीएमचा पहिला पीसी १९८१ च्या ऑगस्टमध्ये आला. त्यातल्या इंटेल ८०८८ या प्रोसेसरला एकूण १ एमबी मेमरीचाच पत्ता लावता येत होता. त्यातली ६४० केबी प्रोग्रामला आणि उरलेली ३८४ केबी पडदा वगैरेंसाठी राखीव. डॉसची रचना अशी की, एक प्रोग्राम सुरू झाला की यंत्र त्याचेच. त्याने हवी तेवढी मेमरी घ्यावी, थेट पडद्यावर लिहावे, कोणी विचारणार नाही. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात, तसे. मोठ्या यंत्रांची गोष्ट वेगळी होती. १९६९ मध्ये जन्मलेल्या युनिक्समध्ये एका यंत्राला अनेक टर्मिनल जोडून सगळ्यांना थोडा थोडा वेळ वाटून द्यायची सोय सुरुवातीपासून होती, आणि बँकांत, मोठ्या कार्यालयांत ती वापरलीही जात होती. पण टेबलावरचा पीसी हा एका माणसाचा, एका कामाचा, असेच गृहीत होते.

लोकांनी मात्र त्यातूनही वाटा काढल्या. १९८३ च्या डॉस २.० मध्ये प्रिंटची एक आज्ञा आली. ती दिली की छपाई मागे चालू राहायची आणि पुढे आपले काम करता यायचे. युक्ती साधी होती. पीसीतले घड्याळ सेकंदाला साधारण १८ वेळा प्रोसेसरला टोचते. त्या प्रत्येक टोचणीला तो लपलेला प्रोग्राम जागा होऊन दोन-चार अक्षरे प्रिंटरकडे ढकलायचा आणि पुन्हा झोपायचा. १९८४ मध्ये बोरलँड कंपनीचे साइडकिक आले. ते आधीच मेमरीत बसून राहायचे. कीबोर्डवरच्या ठरावीक कळा दाबल्या की चालू प्रोग्रामच्या अंगावर कॅल्क्युलेटर, डायरी, टिपणवही उघडायची. काम संपले असे डॉसला सांगायचे, पण जागा सोडायची नाही, अशा या प्रोग्रामांची पुढे एक जातच तयार झाली. भाड्याची खोली सोडली म्हणायचे आणि बाजेवर पडूनच राहायचे, असा प्रकार. असे दोन-तीन भाडेकरू झाले की ६४० केबीत मुख्य प्रोग्रामलाच जागा उरायची नाही, आणि दोघांनी एकाच कळेवर हक्क सांगितला की यंत्र थिजायचे.

आपल्या भाषांच्या इतिहासात ही युक्ती फार महत्त्वाची आहे, कारण देवनागरी पीसीवर आली ती याच वाटेने. आयआयटी कानपूरला ऐंशीच्या दशकात मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिप्यांचे जे तंत्र उभे केले, ते पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले. सी-डॅकची स्थापना १९८८ ची. तिथून जिस्ट कार्ड बाहेर पडले. ते पीसीच्या खाचेत बसवायचे. मग डीबेसला वाटायचे आपण नेहमीसारखीच अक्षरे पडद्यावर पाठवतोय, आणि पडद्यावर मात्र मराठी उमटायची. पुढचा प्रोग्राम इंग्रजी, मागे उभा राहून मराठी करणारा दुसराच.

या तंत्राच्या मुळाशी इस्की नावाची संकेतावली होती. १९९१ मध्ये ती भारतीय मानक झाली. तिच्यात देवनागरी, गुरुमुखी, तेलुगू, कन्नड, बंगाली या सगळ्यांना एकच क्रमांक होते. मराठीतला 'क' आणि तेलुगूतला 'क' यंत्राच्या पोटात एकच. फक्त चेहरा बदलायचा. म्हणजे नांदेडच्या पाट्यांवर दिसणाऱ्या लिप्यांपैकी मराठी, गुरुमुखी आणि तेलुगू या तिन्ही एका छपराखाली आल्या. उर्दू आली नाही. यात कोणाचा आकस नव्हता, हे स्पष्ट सांगतो. ब्राह्मीतून निघालेल्या लिप्यांची वर्णमाला एक आहे. उर्दूची वर्णमाला वेगळी, ती उजवीकडून लिहायची, अक्षरांचे जोड वेगळे. म्हणून अरबी-फारसी वळणाच्या लिप्यांसाठी वेगळे मानक करायचे ठरले. कारण रास्त होते. पण परिणाम असा की, मराठी आणि उर्दू एकाच फाईलमध्ये ठेवायची सोय आम्हाला मिळाली नाही. त्या दोघींसाठी दोन प्रोग्राम लागणार, हे तेव्हाच पक्के झाले.

१९९६ मध्ये मी अहमदपूर-लोहा रस्त्याने एसटीत बसून नांदेडला परत आलो आणि देगलूर नाक्याजवळ एका डीटीपीच्या दुकानात नोकरीला लागलो. डीटीपी हा तेव्हा नवा धंदा होता. लेटरपॅड, पावती पुस्तके, मुशायऱ्याची पत्रके, निवडणुकीची हँडबिले आणि सीझनमध्ये रुक्केच रुक्के. दुकानात दोन यंत्रे होती. जुन्यावर विंडोज ३.१, नव्यावर विंडोज ९५ आणि १६ एमबी रॅम. आजच्या साध्या मोबाइलमधल्या एका फोटोला कधी कधी याच्या निम्मी जागा लागते.

विंडोज ३.० हे १९९० मध्ये आले आणि ३.१ हे १९९२ मध्ये. पीसीवर अनेक प्रोग्राम खिडक्यांत मांडून चालवायचे प्रयत्न त्याआधीचे. आयबीएमचे टॉपव्ह्यू आणि क्वार्टरडेकचे डेस्कव्ह्यू १९८५ मधले. पण आमच्यापर्यंत पोचले ते विंडोजच. त्यात खिडक्या अनेक दिसायच्या, पण प्रोसेसर एकच, तो क्षणाक्षणाला एकीकडून दुसरीकडे धावायचा. विंडोज ३.१ मध्ये तर कोणाची पाळी कधी संपली हे विंडोज ठरवत नव्हते. चालू प्रोग्रामने आपण होऊन पाळी सोडायची असे होते. या पद्धतीला सहकारी पद्धत म्हणत. सहकार हा शब्द आपल्याला साखर कारखान्यांमुळे चांगला माहीत आहे. एखादा संचालक खुर्ची सोडेना की बाकीच्यांचे काय होते हेही माहीत आहे. इथेही तेच. एक प्रोग्राम अडला की वाळूचे घड्याळ पडद्यावर यायचे आणि बाकी सगळ्या खिडक्या मुक्या व्हायच्या.

२४ ऑगस्ट १९९५ ला आलेल्या विंडोज ९५ ने हे बरेच सुधारले. नव्या, ३२ बिटांच्या प्रोग्रामांची पाळी आता यंत्रच कापून घ्यायचे. पण जुने, १६ बिटांचे प्रोग्राम आपापसांत त्याच सहकारी पद्धतीने चालायचे. शिवाय एक छुपी अडचण होती. खिडक्या, बटणे, फाँट, चित्रे यांच्या नोंदी ठेवायला विंडोजमध्ये ६४ केबीचे छोटे गाळे होते. ९५ मध्ये त्यांतला काही भाग मोठ्या जागेत गेला, सगळा नाही. ते गाळे भरले की १६ एमबीतली निम्मी मेमरी रिकामी असली तरी 'मेमरी अपुरी आहे' असा संदेश यायचा. मालक म्हणायचे, "पैसे खर्चून रॅम टाकली, ती गेली कुठं?" मला उत्तर येत नसे.

आता आमच्या कामाकडे बघा. मराठीसाठी पेजमेकर, आणि त्याच्या मागे मराठी कीबोर्ड सांभाळणारा दुसरा प्रोग्राम. पेजमेकरला मराठी येत नव्हती. आपण कळ दाबली की मागचा प्रोग्राम ती मधल्यामधे पकडून काना, मात्रा, अर्धे अक्षर यांचे तुकडे पेजमेकरला द्यायचा. फाँटमध्ये जागा २५६, त्यात सगळी देवनागरी तुकड्यातुकड्यांनी कोंबलेली. म्हणजे मराठी लिहितानाच दोन प्रोग्राम चालू असत.

उर्दूची गोष्ट आणखी जड. नस्तालीकमध्ये अक्षराचा आकार शेजाऱ्यावर ठरतो आणि शब्द उजवीकडून डावीकडे उतरत येतो. सुटी अक्षरे जोडून ते साधत नव्हते. म्हणून पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांनी अक्षरसमूहच्या समूह, जवळजवळ अठरा-वीस हजार, हाताने लिहून काढले. मोनोटाइपच्या यंत्रावर चढलेली ती नूरी नस्तालीक १९८१ मध्ये लाहोरच्या 'जंग' दैनिकात वापरात आली. हीच नूरी नस्तालीक घेऊन दिल्लीच्या कॉन्सेप्ट सॉफ्टवेअरचे इनपेज १९९४ च्या सुमारास बाजारात आले आणि हैदराबादपासून मालेगावपर्यंत उर्दूची दुकाने बदलून गेली. एका फाँटमध्ये २५६ जागा, समूह हजारो. तेव्हा एकच लिपी कितीतरी डझन फाँट फायलींत वाटून ठेवावी लागली होती.

हा सगळा बारदाना १६ एमबीत एकदम उघडायचा म्हणजे हार्ड डिस्कची घरघर सुरू. रॅम भरली की विंडोज काही भाग डिस्कवर नेऊन ठेवते, पाळी आली की परत आणते. एका खिडकीतून दुसरीत जायला दीड-दोन मिनिटे लागायची. त्यात मागे बसलेला मराठी कीबोर्ड बंद करायचे विसरलो तर उर्दूच्या खिडकीत भलतेच उमटायचे. आणि दिवसातून दोन-तीनदा लाइट जायची. यूपीएस दहा मिनिटांचा. जेवढे प्रोग्राम उघडे, तेवढे नुकसान. म्हणून मालकांनी नियमच घातला होता: एक बंद करा, मग दुसरा उघडा. महागड्या पोस्टस्क्रिप्ट प्रिंटरवर उर्दूचे पान चित्र म्हणून मराठी पानात बसवता यायचे. तो प्रिंटर आमच्याकडे नव्हता. आम्ही उर्दूचे ट्रेसिंग वेगळे काढायचो, मराठीचे वेगळे. जिथे दोन्ही एका बाजूला हवे तिथे कात्री आणि गोंद.

या सगळ्यातून चूक कशी होते ते आता सांगतो. १९९८ मधला रुक्का. निकाह शनिवारी, वलीमा रविवारी. दोन्ही बाजूंची प्रुफे वाचून झाली. मग मुलाचे वडील धावत आले: शादीखाना रविवारी मिळत नाही, वलीमा सोमवारी करा. पडद्यावर मराठी पान उघडे होते. मी त्यांच्यासमोर 'रविवार' काढून 'सोमवार' केले, तारीख बदलली. आता हे बंद करून उर्दूचा प्रोग्राम उघडायचा, तेवढ्यात लाइट गेली. यूपीएस ओरडायला लागला, मी मराठी सेव्ह केले, यंत्र बंद केले. लाइट तासाभराने आली तोवर समोर दुसरे गिऱ्हाईक होते. उर्दूचे आधीच काढलेले ट्रेसिंग टेबलावरच होते. संध्याकाळी मुलगा आला आणि दोन्ही ट्रेसिंग स्क्रीन प्रिंटिंगला घेऊन गेला. पाचशे रुक्के छापले, वाटले.

रविवारी दुपारी त्यांच्या दारात नातेवाईक जमू लागले. हिंगोलीहून, उदगीरहून, निजामाबादहून आलेले. घरात वलीम्याची तयारी नव्हती. घाईघाईने देग चढवली, दालचा-खाना झाला. सोमवारी ठरलेला वलीमा पुन्हा झाला. त्या माणसाने दोनदा जेवणे घातली.

मंगळवारी ते दुकानात आले. आवाज चढवला नाही. रुक्का टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "बेटा, दोनों बाजू पढो." मी मराठी वाचली, उलटून उर्दू वाचली. मालकांनी छपाईचे पैसे परत केले. ते त्यांनी घेतले. जेवणाच्या खर्चाचा शब्द काढला नाही.

जाताना ते जे बोलले ते माझ्या मनातून गेलेले नाही. ते म्हणाले की रविवारी कोण आले आणि सोमवारी कोण, याची त्यांनी मनातल्या मनात मोजदाद केली. शेजारी आणि ऑफिसातले लोक सोमवारी येणार हे उघड होते. पण आमचेच नातेवाईकही दोन भागांत वाटले गेले होते. ज्या घरात रुक्का आजोबांनी वाचला, ते घर रविवारी आले. ज्या घरात तो शाळकरी पोराने वाचून दाखवला, ते सोमवारी आले, कारण पोर मराठी शाळेतले, त्याने मराठी बाजू वाचली. एकाच खानदानातले हे लोक. ते म्हणाले, "मेरे खुद के पोते ने उर्दू वाली बाजू पलटाकर देखीच नै."

यानंतर मी एक सवय लावून घेतली. गिऱ्हाइकाने एका भाषेत काही बदलले की लगेच वहीत दुसऱ्या भाषेची खूण करायची, आणि ती खूण खोडल्याशिवाय ट्रेसिंग हातातून सोडायचे नाही. यंत्र बदलत गेले तरी ही वही मी दुकानात असेपर्यंत चालली.

पुढचे तुम्हाला माहीतच आहे. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्येच आली होती आणि तिच्यात देवनागरीही होती, अरबी लिपीही. पण नुसता तक्ता असून भागत नाही, यंत्राला तो वाचता यावा लागतो. २००० साली विंडोज २००० आले, मागोमाग एक्सपी, तेव्हा कुठे दोन्ही लिप्या एकाच फाईलमध्ये, एकाच खिडकीत, शेजारी शेजारी लिहिता येऊ लागल्या. २००५ नंतर एका प्रोसेसरमध्ये दोन-दोन, चार-चार गाभे आले आणि यंत्र खरोखरच एका वेळी दोन कामे करू लागले. नस्तालीकला सर्वत्र सुंदर दिसायला आणखी काही वर्षे लागली.

एक गोष्ट मात्र हातची गेली. त्या दहा-बारा वर्षांत आम्ही जे टाइप केले, म्हणजे मुशायऱ्यांची पत्रके, मदरशांचे अहवाल, छोट्या कवींचे दोनभाषी संग्रह, ते सगळे जुन्या फाँटांत अडकले आहे. माझ्याकडे अजून सत्तावीस फ्लॉपी आहेत. ड्राइव्ह मिळाला, डिस्क वाचली गेली, तरी मराठी फाईल उघडली की इंग्रजी चिन्हांची खिचडी दिसते आणि उर्दू फाईल उघडतच नाही. ज्यांच्याकडे अशा फायली आहेत त्यांनी जुना फाँट आणि जुना प्रोग्राम फेकू नये. त्यांच्या मदतीने मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो. आणि छापील प्रत असेल तर तिचा फोटो तरी आजच काढून ठेवावा.

भाचीला मी हे सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि मोबाइल माझ्या हातात दिला. तिला उर्दू वाचता येते, पण अडखळत. मजकूर तिने अब्बांकडून तपासून घेतला होता. तरी मी दोन्ही बाजूंची तारीख, वार आणि वेळ बोट ठेवून मोठ्याने वाचली. जुळत होती. मग म्हटले, आता छापायला दे.